फ्रॉम एल्व्हिस प्रेस्ली बूलेवार्ड, मेम्फिस, टेनेसी
अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्ली (१९३५–७७) याचा आरसीए या रेकॉर्ड कंपनीने मे १९७६ मध्ये काढलेला अल्बम. याला स्टुडिओ अल्बम म्हणायचे ते केवळ प्रथेने. गाणी मुद्रित झाली ती गायकाच्या घरी, आणि अल्बमचे लांबलचक नाव म्हणजे जवळजवळ त्या घराचा पत्ताच आहे.

मार्च १९७५ नंतर एल्व्हिस स्टुडिओकडे फिरकलाच नव्हता. शेवटी कंपनीनेच आपली ध्वनिमुद्रणाची गाडी मेम्फिसला, त्याच्या ग्रेसलँड या बंगल्याच्या दारात आणून उभी केली. २ ते ८ फेब्रुवारी १९७६ या काळात बंगल्याच्या मागल्या बाजूच्या बैठकीत रात्री जागवून बारा गाणी झाली. पुढे ‘जंगल रूम’ म्हणून गाजलेली हीच ती खोली. विटांच्या भिंतीवरून पडणारा कृत्रिम धबधबा, कोरीव लाकडाचे अवजड सामान आणि हिरवा गालिचा, तोही जमिनीवर आणि छतालासुद्धा! ही हौस पाहणाऱ्याला हसू आणते खरी, पण त्या गालिच्याने आवाजाचा घुमारा शोषला आणि खोली मुद्रणाला चालून गेली.

निर्माता फेल्टन जार्विस. गिटारवर जेम्स बर्टन, ड्रम्सवर रॉनी टट. तंतुवाद्ये व ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये) यांची भर नंतर नॅशव्हिल शहरात घातली गेली. ती काही ठिकाणी जरा जास्तच झाली आहे.

अल्बममध्ये घेतलेल्या दहा गाण्यांपैकी बहुतेक संथ आणि विरहाची आहेत. ‘फॉर द हार्ट’ तेवढे ठेक्याचे. ‘हर्ट’ हे रॉय हॅमिल्टनने १९५४ मध्ये गायलेले जुने गाणे. एल्व्हिस पहिल्याच शब्दाला आवाज असा वर फेकतो की पुढची आर्जवे ऐकण्याआधीच दुखणे कळते. ‘डॅनी बॉय’मध्ये मात्र तो हलक्या, जपून लावलेल्या सुरात गातो. प्रकृती ढासळलेल्या एक्केचाळीस वर्षांच्या गायकाचा गळा शाबूत होता याचा पुरावा म्हणून ही दोन गाणी पुरेशी आहेत.

अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाचे संगीत) यादीत पहिला आला. सर्वसाधारण यादीत ४१ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. फेब्रुवारीतल्या बारांपैकी उरलेली दोन गाणी, तसेच ऑक्टोबरमध्ये त्याच खोलीत केलेली आणखी काही, ‘मूडी ब्लू’ (जुलै १९७७) या अल्बममध्ये गेली. १६ ऑगस्ट १९७७ रोजी एल्व्हिस याच घरात वारला. ग्रेसलँड १९८२ पासून लोकांसाठी खुले आहे; छताचा गालिचाही तिथे पाहायला मिळतो.