नव्या व्यापारी संकुलासाठी पाइप कोणी टाकायचा?

व्यापारी संकुलाचा प्रस्ताव आला की नकाशावर मजले, गाळे, वाहनतळ दिसतात. छाननीला बसलेला अभियंता मात्र रस्त्याखालची मलवाहिनी किती व्यासाची आहे आणि आग लागली तर बंबाला पुरेशा दाबाने पाणी मिळेल का, हे बघतो. परवानगी देताना गाळ्यात कोण येणार हेही बहुधा ठरलेलं नसतं. कापडाचं दुकान आलं तर पाणी जेमतेम लागतं; तिथेच खाणावळ आली की पाण्याचा वापर कितीतरी वाढतो आणि तेलकट सांडपाण्याने गटार तुंबायला लागतं.

ही नजर तशी अलीकडची. सुरुवातीचं भांडण सावलीचं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली एकराहून कमी जागेवर सुमारे १२ लाख चौरस फुटांची इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, शेजाऱ्यांचा उजेड गेला आणि पुढच्याच वर्षी शहराने इमारतींची उंची, आकार आणि वापर यांवर बंधनं घातली. अशा नियमांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये, युक्लिड गावाच्या खटल्यात, मान्यता दिली. दुकानं कुठे असावीत हे त्यातून ठरलं. पाणी कुठून आणायचं, ते नंतर बघू! आणि ते नंतरच बघितलं गेलं, बहुतेक वेळा सगळ्या करदात्यांच्या पैशातून.

ब्रिटनने १९४७ च्या कायद्याने दुसरं टोक गाठलं: विकासाच्या परवानगीमुळे जमिनीची जी किंमत वाढेल, ती सगळी सरकारची. विकून हाती काहीच पडणार नसेल तर जमीन विकणार कोण? काही वर्षांतच ते शुल्क गुंडाळावं लागलं.

पाइपचा विचार आधी केला तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनने. भोवतालच्या घोड्यांच्या पागा वाचवायच्या म्हणून १९५८ मध्ये त्या शहराने सरळ रेषाच आखली: शहरी सेवा मिळतील त्या हिच्या आत. न्यूयॉर्क राज्यातल्या रामापोने १९६९ मध्ये घरबांधणीसाठी गुण ठेवले. मलवाहिनी, पाण्याचा निचरा, रस्ता, अग्निशमन केंद्र जितकं जवळ तितके गुण जास्त. गुण कमी पडले तर थांबा, नाहीतर सोय स्वतः उभारा. फ्लोरिडाने १९८५ नंतर हेच राज्यभर लागू केलं, पण तिथे गंमत झाली. गजबजलेल्या भागात रस्त्यांची क्षमता संपलेली, म्हणून बांधकाम शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांकडे सरकलं. जो पसारा आवरायचा होता तोच वाढला. रस्त्यांपुरती ही सक्ती राज्याने २०११ मध्ये काढून घेतली.

एव्हाना विकासकाकडून जागा किंवा पैसे मागण्याची रीत पडली होती. किती मागायचं, हा प्रश्न ओरेगॉनमधल्या टिगार्डच्या एका दुकानावरून ऐरणीवर आला. नळकाम आणि विजेच्या सामानाचं ९,७०० चौरस फुटांचं हे दुकान १७,६०० पर्यंत वाढवायचं होतं. शहराने परवानगीच्या बदल्यात ओढ्याकाठची पूररेषेतली जागा मागितली, शिवाय सायकलवाटेसाठी १५ फुटांची पट्टी. मिळून भूखंडाचा दहावा हिस्सा. मोठ्या दुकानामुळे रोज वाहनांच्या ४३५ फेऱ्या वाढतील आणि सायकलवाटेमुळे त्यातल्या काही कमी होऊ शकतील, असा शहराचा हिशेब. सर्वोच्च न्यायालय १९९४ मध्ये त्या ‘होऊ शकतील’वरच अडलं. होतील का, हे शहराने दाखवलं नव्हतं. मागणी आणि पडणारा भार यांचं प्रमाण ढोबळमानाने तरी जुळायला हवं, असं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं.

मला हा निकाल रास्त वाटतो, पण छोट्या पालिकांना तो जड जातो, कारण प्रत्येक मागणीमागे मोजमाप लागतं आणि मोजणारी माणसं त्यांच्याकडे मोजकीच असतात. २०१३ मध्ये हीच कसोटी पैशांच्या मागणीला लागू झाली. सगळ्यांना सरसकट लावलेल्या शुल्कालाही यातून आपोआप सूट नाही, असं न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. त्यामुळे ठरलेल्या दरपत्रकामागचा हिशेबही आता पालिकांना मांडून दाखवावा लागू शकतो.