घाटातच गाडी मिसिंग का मारते?

खंबाटकी घाट निम्मा चढून झाला होता, तेव्हा गाडीने पहिला हिसका दिला. गाडीत चौघं, डिकी गच्च भरलेली, एसी चालू. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी जोर धरण्याऐवजी लंगडायची. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा नुसता लागला नव्हता, मिचमिचत होता. माथा ओलांडून उतार लागला आणि गाडी एकदम गुणी बाळ झाली.

गॅरेजात याला ‘मिसिंग’ म्हणतात. एखाद्या सिलिंडरमध्ये ज्या क्षणी पेट्रोल पेटायला हवं त्या क्षणी ते पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पंधरा दिवसांपूर्वी असंच थोडंसं जाणवलं होतं. तेव्हा एका गॅरेजने ठिणगी पाडणारे चारही प्लग नवे टाकले, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले आणि बिल हातात ठेवलं. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. साताऱ्यात पोचल्यावर एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, “कधी मारते? चढावर की उभ्या गाडीत? थंड असताना की गरम झाल्यावर?”

मला तेव्हा हे प्रश्न वेळकाढूपणाचे वाटले होते. खरं तर निम्मं निदान त्यांतच होतं.

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा आणि चारही मिळून १०० वेळा. या शंभरांतला एखादा चुकला हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं कसं? सिलिंडरच्या आत तो डोकावत नाही. क्रँकशाफ्टवर दात्यांची एक चकती असते. पुष्कळ गाड्यांत तिच्यावर ६० दात्यांची जागा असते आणि खूण म्हणून दोन दाते गाळलेले असतात. समोरचा सेन्सर दाते मोजतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर संथ चालत असताना एक दाता सव्वा मिलिसेकंदात पुढे सरकतो. सिलिंडर पेटला की त्या धक्क्याने क्रँक किंचित वेग घेतो. पेटला नाही की तिथेच किंचित रेंगाळतो. पाळी कोणाची होती हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं, म्हणून तो थेट नाव घेतो. कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०३ दिसलं तर तिसरा सिलिंडर, पी०३०१ म्हणजे पहिला. पी०३०० आलं तर दोष एका सिलिंडरवर बोट ठेवण्यासारखा नाही.

यात एक गंमत आहे. खड्ड्यांतून जाताना चाकांचे हिसके गिअरबॉक्समार्गे क्रँकपर्यंत पोचतात आणि कॉम्प्युटरला तेही मिसिंगच वाटू शकतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून रस्ता खराब असल्याचं ओळखतात आणि तेवढ्यापुरती मिसिंगची मोजणी थांबवतात. आपल्याकडे पावसाळ्यात ही मोजणी किती वेळ चालू असेल, देव जाणे.

माझ्या गाडीत पी०३०३ होता. पण कोड घर दाखवतो, घरातला चोर दाखवत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायरिंग, व्हॉल्व्ह यांपैकी काहीही असू शकतं. इथे ‘कधी’ या प्रश्नाची किंमत कळते.

ठिणगीचंच पाहा. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते, गरज पडली तर वीस-तीस हजारांपर्यंत. तेव्हा कुठे प्लगच्या टोकावरच्या सुमारे एक मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडते. फटीतला वायू जितका दाट, तितका व्होल्टेज जास्त लागतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिक पाशेन यांनी १८८९ मध्ये वायूचा दाब, फटीचं अंतर आणि ठिणगीला लागणारा व्होल्टेज यांचं नातं मांडलं होतं. त्यांच्यासमोर मोटारगाडी नव्हती, पण खंबाटकीचं उत्तर त्यातच आहे. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडीच येते, दाबही बेताचा. घाटात पाय दाबला की सिलिंडर हवेने भरतो आणि तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतो. कॉइल तो चढवतेही. पण कॉइलपासून प्लगपर्यंतचं रबर कुठे चिरलेलं असेल तर विजेला प्लगच्या फटीपेक्षा तिथून इंजिनाच्या धातूत उतरणं सोपं पडतं. सीएनजीवरही हेच होतं. तो पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिसिंग अशी तक्रार असली की आधी प्लग-कॉइल पाहावेत.

उलटही घडतं. उभ्या गाडीत थरथर आणि वेग घेतला की सगळं सुरळीत, असं असेल तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या, एखाद्या फाटक्या नळीतून हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी. इंजिन संथ असताना मुळात हवा थोडी जात असते, त्यात ही चोरटी हवा मोठा वाटा उचलते. वेगात तिची मिजास चालत नाही. आणि मिसिंग सदासर्वकाळ असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावं. ते कमी भरलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर.

स्कॅनरवर विसंबणाऱ्याला एक चकवाही बसतो. न पेटलेल्या सिलिंडरमधून पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. एक्झॉस्टमधला सेन्सर ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे त्याला वाटतं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. दोष ठिणगीचा, आणि स्कॅनर बोट दाखवतो पेट्रोलकडे! मग इंजेक्टर साफ होतात. माझे झालेच होते.

पूर्वी मेकॅनिक चालू इंजिनात एकेका प्लगची वायर उपसून पाहायचे. जिची वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. आता तसं करू नये. शॉक जबर बसतो, शिवाय कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतात. काकांनी त्याहून साधी गोष्ट केली. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर. प्लग जिथल्या तिथे. कोड पुसला आणि मला म्हणाले, “चला, यवतेश्वरला जाऊन येऊ.”

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढावर गाडी पुन्हा लंगडली. स्कॅनरवर आता पी०३०१ होता. कॉइलबरोबर दोषही घर बदलून गेला होता.

परत आल्यावर काकांनी ती कॉइल उपसली, प्लगवर बसणारी तिची रबरी नळी उभी चिरली आणि उन्हात धरली. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ होती. वीज पुन्हा पुन्हा त्याच वाटेने पळून रबर जळतं, त्याचा कार्बन होतो आणि कार्बनमधून वीज आणखी सहज जाते. नवी कॉइल बसली. तिसऱ्याचा प्लग काढला तर त्याच्या पांढऱ्या सिरॅमिकवरही तशीच रेघ उमटायला लागली होती, म्हणून तोही बदलला. प्लग पंधरा दिवसांचा होता.

गाडी सुरू करणार तेवढ्यात काकांनी थांबवलं.

“दिवा मिचमिचत असताना किती चालवलीत?”

“घाट चढेपर्यंत.”

त्यांनी तोंड वाकडं केलं. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. मिचमिचत असेल तर पाय ताबडतोब हलका करायचा आणि जमेल तिथे थांबायचं, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. त्यातल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. आतलं तापमान हजार अंशांच्या वर गेलं की लेप निकामी होऊ लागतो, त्याहून वर जाळी तडकते, वितळतेसुद्धा. मग खर्च एका कॉइलवर भागत नाही.

काकांनी रबरी हातोडा घेतला, इंजिनाला लागून असलेल्या कन्व्हर्टरवर दोन-तीनदा हलकेच ठोकलं आणि कान लावला. जाळी फुटली असेल तर आत खुळखुळा वाजतो. मीही वाकून ऐकत होतो. आत काही वाजलं नाही.