ताग, घड्याळं आणि लेमिंग्ज: गेम डिझाईनची डिग्री आली कुठून?

बारावीनंतर पोरगं म्हणालं की मला गेम डिझाईन करायचंय, तर हल्ली घरात लगेच तोंडं वाकडी होत नाहीत, निदान फी किती आणि नोकरी कुठे एवढं तरी विचारतात. पण गेम बनवणं हा युनिव्हर्सिटीत शिकायचा विषय झाला कधी? बहुतेकांच्या डोक्यात कॅलिफोर्निया येतं. कॅलिफोर्नियाचं काम मोठं आहे, त्यावर येतोच, पण या सगळ्यात माझं आवडतं गाव आहे डंडी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी, वस्ती साधारण दीड लाख. गेमच्या डिग्रीशी या गावाचा संबंध कसा आला हे कळायचं तर आधी तागाच्या पोत्यापासून सुरुवात करावी लागते, हसू नका, खरंच.

सव्वाशे वर्षांपूर्वी डंडी म्हणजे ताग. बंगालचा कच्चा ताग जहाजाने इथे यायचा, तो इतका राठ की देवमाशाचं तेल आणि पाणी मारून मऊ केल्याशिवाय कातताच यायचा नाही, आणि देवमासे मारणाऱ्या जहाजांचा धंदाही नेमका याच बंदरात होता, म्हणून तागाचं आणि डंडीचं जमलं. गिरण्यांत बायकाच जास्त, कारण त्यांना मजुरी कमी दिली तरी चालायचं. घरी बसलेल्या नवऱ्यांना गावात 'केटल बॉयलर' म्हणायचे, म्हणजे चहाची किटली ठेवणारे. तिकडे १८५५ पासूनच बंगालमध्ये हुगळीच्या काठी गिरण्या उभ्या राहायला लागल्या, मशीन डंडीची, मॅनेजर डंडीचे, आणि हळूहळू त्याच गिरण्यांनी डंडीचा धंदा खाल्ला. पण भरभराटीच्या काळात एक काम झालं होतं. सर डेव्हिड बॅक्स्टर नावाच्या लिननच्या गिरणीमालकाने मरताना ठेवलेल्या पैशातून १८८८ मध्ये गावात एक टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, कामगारांच्या पोरांना हाताला काम मिळेल असं काहीतरी शिकवायला. तीच पुढे डंडी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाली आणि १९९४ मध्ये अॅबर्टे युनिव्हर्सिटी.

ताग बसल्यावर गावाला हात दिला तो टायमेक्सने. घड्याळांची ही अमेरिकन कंपनी १९४६ मध्ये डंडीत आली आणि हजारो लोकांना, त्यातही पुन्हा बायकांनाच, काम मिळालं. बारीक पार्ट चिमट्याने जागेवर बसवायचे, नजर पक्की, हात स्थिर. पुढे घड्याळांचाही बाजार बदलला, तर टायमेक्सने दुसऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडून द्यायची कामं घेतली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम निघालं क्लाइव्ह सिंक्लेअर या ब्रिटिश उद्योजकाच्या कॉम्प्युटरचं. आधी झेडएक्स ८१, मग एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम, रबरी बटणांचा, घरच्या टीव्हीला जोडायचा आणि कॅसेट प्लेयरवरून प्रोग्राम चढवायचा. १६ के मेमरीचा १२५ पौंडाला, ४८ के वाला १७५ पौंडाला. (आपल्याकडेही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या कंपनीने लायसन्स घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला होता, चाळिशी-पन्नाशीतल्या काही लोकांच्या माळ्यावर अजून सापडेल.) त्याच १९८२ मध्ये इकडे मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता आणि गिरणगावाचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. डंडीतही कामगारांची अवस्था काही वेगळी झाली नाही, १९९३ मध्ये टायमेक्समध्ये संप, टाळेबंदी, गेटवर रोजची बाचाबाची आणि ऑगस्टमध्ये फॅक्टरी कायमची बंद. फरक एवढाच की मधल्या दहा-अकरा वर्षांत त्या गावातल्या पोरांच्या घरात कॉम्प्युटर शिरला होता. ज्या घरातलं कोणी ना कोणी टायमेक्सला होतं तिथे स्पेक्ट्रम असणारच, आणि काही मागच्या दाराने बाहेर आले अशी कुजबुज गावात अजून चालते.

आता बघा, त्या मशीनवर पोरं करणार काय? तयार गेम कॅसेटवर मिळायचे, पण मशीन चालू केलं की समोर थेट बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषाच यायची, त्यामुळे मासिकात छापलेला प्रोग्राम ओळीन्‌ ओळ टाईप करायचा, चुकला की शोधत बसायचं आणि शोधता शोधता प्रोग्रामिंग यायला लागायचं. डंडीत किंग्जवे अॅमॅच्युअर कॉम्प्युटर क्लब नावाचा एक क्लब होता, तिथे डेव्हिड जोन्स, माइक डेली, रसेल के आणि स्टीव्ह हॅमंड ही पोरं एकमेकांना भेटली. यातला जोन्स टायमेक्समध्येच अॅप्रेंटिस होता. कंपनीने माणसं कमी करायला काढली तेव्हा तो पैसे घेऊन बाहेर पडला आणि त्यातून त्याने अमिगा १००० घेतला, त्या काळचा एकदम महागडा कॉम्प्युटर. आणि नाव कुठे घातलं, तर डंडी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, सॉफ्टवेअर इंजिनियरिंगला. अभ्यासाच्या बाजूबाजूने त्याने 'मेनेस' नावाचा गेम बनवला, तो १९८८ मध्ये लिव्हरपूलच्या सिग्नोसिस कंपनीने काढला, आणि डीएमए डिझाईन नावाने दुकान सुरू झालं. म्हणजे डीएमए काढणारा जोन्स जेव्हा कॉलेजात शिकत होता तेव्हा त्याला गेम शिकवायला कॉलेजात कोणीही नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

डीएमएच्या 'लेमिंग्ज' या गेमची गोष्ट तर शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे. १९८९ मध्ये ऑफिसात वाद चालला होता की माणसाची आकृती ओळखू यावी म्हणून कमीत कमी किती पिक्सेल लागतात. एक जण १६ बाय १६ च्या चौकटीत करत होता, डेली म्हणाला ८ बाय ८ मध्ये होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने तेवढ्याशा जागेत चालणारी माणसं करून दाखवली, एकामागोमाग टेकडी चढतायत आणि वर काहीतरी त्यांना चिरडतंय. ऑफिसभर हशा. रसेल के ते बघून म्हणाला, यात गेम आहे. बस, तिथून फेब्रुवारी १९९१ मध्ये 'लेमिंग्ज' आला, हिरव्या केसांचे ते टिचभर प्राणी सरळ चालत राहतात आणि त्यांना मरू न देता दारापर्यंत पोचवायचं. पहिल्याच दिवशी ५५ हजार प्रती गेल्या असं टीमवाले सांगतात. आठ पिक्सेलचं बंधन होतं म्हणून चेहरा नाही, हातवारे नाहीत, म्हणून एकट्याला काही किंमत नाही, म्हणून घोळका, आणि घोळक्यातल्या कुणाला कोणतं काम द्यायचं हाच खेळ. ज्याला गेम डिझाईन म्हणतात ते हेच, कोडिंग आणि चित्रं त्याच्या आजूबाजूला असतात.

या कंपनीची वाढ व्हायला लागली तशी अडचण आली की माणसं मिळेनात. शहरात आणखी स्टुडिओ निघाले होते, सगळ्यांना सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा आणि थ्री-डीचं गणित येणारी पोरं हवी होती, आणि साध्या कॉम्प्युटर सायन्सवाल्याला मॅट्रिक्स आणि व्हेक्टर पेपरात येत असत पण सेकंदाला तीस वेळा स्क्रीन रंगवायची वेळ आली की घाम फुटायचा. तर १९९७ मध्ये अॅबर्टेने कॉम्प्युटर गेम्स टेक्नॉलॉजी या नावाने कोर्स काढला. जगातली पहिली गेम्सची डिग्री आपलीच असं ते सांगतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी डीएमएचा नवा गेम, तो म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' (जीटीए), बाजारात यायच्या आधीच हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गाजला, गाड्या चोरायला शिकवणारा गेम म्हणून. एकीकडे संसदेत बोंबाबोंब, दुसरीकडे त्याच गावच्या युनिव्हर्सिटीत अॅडमिशन सुरू.

पहिलं कोण यावर वाद आहे हेही सांगून टाकतो. कॅनडात व्हँकुव्हरला डिजिपेन नावाची संस्था होती, तिने निन्टेंडोला सोबत घेऊन १९९४ मध्ये गेम प्रोग्रामिंगची पहिली बॅच घेतली, १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्याकडून बॅचलर डिग्री द्यायची परवानगी मिळवली आणि १९९८ मध्ये रेडमंडला, निन्टेंडो ऑफ अमेरिकाच्या शेजारी कॅम्पस उघडला. तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट 'नार्बॅक्युलर ड्रॉप' बघून व्हॉल्व्ह कंपनीने अख्खी टीमच उचलली आणि त्याचा २००७ मध्ये 'पोर्टल' हा गेम झाला. त्यामुळे पहिला नंबर कोणाचा ते तुम्ही ठरवा, मला त्यात रस कमी आहे.

रस आहे तो दोन वेगळ्या वाटांमध्ये. डंडी आणि डिजिपेन ही प्रोग्रामर घडवायची वाट. दुसरी वाट कलेच्या बाजूने आली. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत इंटरॅक्टिव्ह टेलिकम्युनिकेशन्सचा कोर्स रेड बर्न्स यांनी १९७९ मध्येच सुरू केला होता, तेव्हा गेमचं नावही त्यात नव्हतं. आणि लॉस एंजेलिसच्या यूएससीने (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) २००२ मध्ये इंटरॅक्टिव्ह मीडिया हा विभाग उघडला तो चक्क फिल्म स्कूलमध्ये. तिथे ट्रेसी फुलरटन यांच्यासारख्या शिक्षकांनी कागदावर, पत्ते-फाशांवर गेम करून बघायचा, लोकांना खेळायला द्यायचा, ते कुठे कंटाळतात ते बघायचं आणि पुन्हा मोडून करायचा, अशी पद्धत बसवली. शांघायहून आलेला जेनोव्हा चेन इथलाच, त्याचा 'फ्लो' हा गेम म्हणजे त्याचा मास्टर्सचा थिसिस, आणि पुढे २०१२ चा 'जर्नी' त्याच्याच कंपनीचा. थिअरीवाले लोक वेगळेच, त्यांनी २००१ मध्ये 'गेम स्टडीज' नावाचं जर्नल काढून गेम म्हणजे कथा की नियमांची यंत्रणा यावर बरीच वर्षं शाई खर्च केली. आज एखादा कोर्स बीएस्सी असतो आणि दुसरा बीडिझाईन, एकात गणित कंपल्सरी आणि दुसऱ्यात पोर्टफोलिओ, ते या दोन वाटांमुळे, आणि अॅडमिशन घेताना नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो.

ब्रिटनमध्ये या डिग्र्यांना सुरुवातीला भरपूर टोमणे बसले. २००३ मध्ये तिथल्या उच्च शिक्षणमंत्री मार्गारेट हॉज यांनी 'मिकी माउस' कोर्स असा शब्द वापरला आणि पेपरवाल्यांना आयता दांडका मिळाला. टीका अगदीच खोटी होती असं नाही, कारण डंडीचं बघून ढीगभर युनिव्हर्सिट्यांनी जुन्या मल्टिमीडिया कोर्सवर 'गेम्स'चा स्टिकर चिकटवला होता. २०११ मध्ये गेमच्या धंद्यातले इयान लिव्हिंगस्टन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सवाले अॅलेक्स होप यांनी 'नेक्स्ट जेन' नावाचा रिपोर्ट दिला, त्यात या कोर्सेसना बऱ्यापैकी धुतलं आणि खरं दुखणं शाळेत आहे असं सांगितलं, की तिथे आयसीटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान या विषयाच्या नावाखाली वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकवतात, प्रोग्रामिंग नाही. त्याचा परिणाम झाला, २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांत आयसीटी जाऊन कॉम्प्युटिंग आलं. अख्ख्या देशाचा शाळेचा सिलॅबस बदलण्यात गेमवाल्यांच्या तक्रारीचाही हात होता, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

अॅबर्टे या सगळ्यात टिकली कशी, तर माझ्या मते 'डेअर टू बी डिजिटल' या स्पर्धेमुळे. पाच-पाच विद्यार्थ्यांची टीम, त्यात प्रोग्रामर आणि आर्टिस्ट दोन्ही, उन्हाळ्याच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीत राहायचं, खर्चाला थोडे पैसे मिळायचे, आणि शेवटी चालणारा गेम लोकांसमोर टेबलावर मांडायचा, शहरातली शाळकरी पोरं येऊन खेळणार. लहान पोरं किती क्रूर असतात माहितीये, आवडलं नाही तर अर्ध्या मिनिटात पुढच्या टेबलावर. प्राध्यापकाच्या मार्कांपेक्षा हे जास्त शिकवत असणार. यातल्या टीम्सना बाफ्टा या ब्रिटनच्या फिल्म-टीव्ही-गेमच्या अकॅडमीचं 'वन्स टू वॉच' हे अवॉर्डही मिळायला लागलं.

सगळं गोड गोड मात्र नाही. डीएमए नंतर विकली गेली, एडिनबर्गला गेली आणि रॉकस्टार नॉर्थ झाली, म्हणजे 'जीटीए'चा खरा पैसा डंडीच्या हातून निसटलाच. जोन्सने पुढे डंडीत रिअलटाइम वर्ल्ड्स काढली, दहा कोटी डॉलरच्या वर पैसा उभा केला, 'एपीबी' नावाचा ऑनलाइन गेम २०१० च्या उन्हाळ्यात आणला आणि ऑगस्टमध्ये कंपनी बुडाली. पण टायमेक्स बंद झाली तेव्हासारखं गाव बसलं नाही. नोकरी गेलेल्यांनी लहान लहान स्टुडिओ काढले, युनिव्हर्सिटीने गेमचा पहिला कच्चा नमुना करायला प्रोटोटाइप फंड चालवून त्यांना आणि नव्या पोरांना पैसे दिले, आणि 'माइनक्राफ्ट' कन्सोलवर आणणारा फोरजे स्टुडिओही त्याच गावचा.

आपल्याकडे क्रम उलटा लागतोय. पुण्याजवळ २००८ मध्ये डीएसके या बिल्डर ग्रुपने फ्रेंच संस्थेशी करार करून अॅनिमेशन आणि गेमचं शिक्षण आणलं होतं, पुढे तो ग्रुपच आर्थिक अडचणीत सापडला. एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत डिजिटल गेम डिझाईनचं मास्टर्स आहे, सीट मोजक्या. २०२० मध्ये 'राजी' हा गेम जगभर गेला तो पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या टीमचा. २०२२ च्या केंद्रीय बजेटमध्ये अॅनिमेशन-व्हीएफएक्स-गेमिंग-कॉमिक्ससाठी टास्क फोर्स जाहीर झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये कॅबिनेटने मुंबईतल्या राष्ट्रीय संस्थेला मंजुरी दिली आणि जुलै २०२५ मध्ये पेडर रोडवर एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या आवारात तीच संस्था आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज) या नावाने उघडली, मोठा कॅम्पस गोरेगावच्या फिल्मसिटीत होणार आहे. म्हणजे इमारत, फंड, मोठ्या कंपन्यांशी करार हे आधी. किंग्जवेसारखा क्लब आणि चार पोरांची जेवणाच्या सुट्टीतली भांडणं या गोष्टी सरकारी जीआरने येत नाहीत, पण वर्षातून एकदा विद्यार्थ्यांचे गेम शाळेच्या पोरांसमोर टेबलावर मांडायला तर काही कोटी लागत नाहीत, ते पेडर रोडला पहिल्याच वर्षी करता येईल.