इंजिन बांधणे (जुन्या ट्रॅक्टरचं), ठाणे–नवी मुंबई

जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं इंजिन पूर्ण खोलून, झिजलेलं काय ते मोजून, बदलून किंवा मशीनवर सरळ करून परत जोडण्याचं काम. हेड (सिलिंडरवरचं झाकण), वॉल्व्ह, रिंगा, फार तर पिस्टन एवढ्यावर भागलं तर ‘हाफ इंजिन’, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा मुख्य दांडा) खाली उतरली की ‘फुल इंजिन’. हाफ नक्की कुठं संपतं याची व्याख्या मिस्त्रीगणिक वेगळी आहे, आणि बिल करताना ती सरकते असंही म्हणतात; या नोंदीत क्रँकला हात लागला की फुल असं धरलंय.

मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि कल्याणच्या ग्रामीण भागात जुना ट्रॅक्टर पावसाळ्यात केजव्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून भाताच्या चिखलणीला जातो आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर. नवी मुंबईत सिडको (१९७०) आल्यावर बरीचशी शेतं आणि मिठागरं संपादनात गेली, तरी ट्रॅक्टर राहिला, मागे पाण्याचा टँकर नाहीतर खडक फोडायचा कॉम्प्रेसर घेऊन. टँकर-कॉम्प्रेसरवालं इंजिन एका जागी उभं राहून तासन्‌तास चालतं, म्हणून गाडी फिरलेली दिसत नाही आणि इंजिन मात्र आतून संपलेलं असतं.

देशात ट्रॅक्टर बनायला कधी सुरुवात झाली याबद्दल एकमत नाही. आयशरने फरिदाबादला १९५९ मध्ये पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला असं साधारण मानतात, पण नियमित उत्पादन धरून १९६१ लिहिणारेही आहेत, आणि ते जास्त पटतं कारण एक नग बाहेर पडणं आणि कारखाना चालू होणं यात फरक आहे. मुंबईच्या बाजूला महत्त्वाची ती कांदिवलीची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ती १९६३ मध्ये काढली, १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. तिचा बी-२७५ आणि चेन्नईच्या टॅफे कंपनीचा मॅसी-फर्ग्युसन (बोलण्यात नुसता मॅसी), इकडच्या जुन्या इंजिनांची चर्चा या दोघांभोवतीच फिरते.

इथं ‘१४४’ चा घोळ सांगायलाच हवा. बी-२७५ चं इंजिन बीडी-१४४, म्हणजे १४४ घनइंच, चार सिलिंडर. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचं पी३.१४४ हेसुद्धा १४४ घनइंचच, पण सिलिंडर तीन. पर्किन्सच्या डिझाइनची इंजिनं चेन्नईत सिम्पसनने परवान्यावर बनवली आणि मॅसीला त्याच घराण्यातली इंजिनं लागली, त्यामुळे स्पेअर पार्टच्या काउंटरवर नुसतं ‘एकशे चव्वेचाळीसचा सेट द्या’ म्हटलं की काय हातात येईल ते नशीब. आमच्याकडे एकदा तीनच्या जागी चार पिस्टनचा सेट आला आणि ते खोकं उघडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. हिशोब करून बघितला तर पी३ चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साडेतीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) पाच इंच, तीन सिलिंडरचे मिळून १४४.३ भरतात. बीडी-१४४ चा बोअर सव्वातीन इंच आणि वर एक सूत, म्हणजे ३.३७५, स्ट्रोक चार, चारही मिळून १४३.१ येतात, १४४ नाही. नाव गोल करताना चूक झाली का आणखी काही कारण, यात पडण्यापेक्षा कॅलिपर लावलेला बरा. पर्किन्सचंच ३.१५२ हे पुढचं इंजिन, स्ट्रोक तोच पाच, बोअर ३.६ इंच. इंग्लंडात फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरला आधी स्टँडर्डचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, थंडीत चालू व्हायला कटकट करायचं, १९५९ च्या शेवटाला त्याजागी हे ३.१५२ आलं आणि त्याच वर्षी मॅसी-फर्ग्युसनने पर्किन्स कंपनी विकत घेतली. पी३ आणि ३.१५२ च्या पिस्टनमध्ये फरक जेमतेम दशांश इंचाचा, टेबलावर वेगवेगळे ठेवले तर डोळ्याला कळत नाही.

काम खरं सुरू होतं मोजण्यापासून, आणि नेमकं तेच उरकलं जातं. हेड काढलं की लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली फिरतो ती नळी) वरच्या कडेजवळ आतून नख फिरवायचं, जिथं वरची रिंग येऊन थांबते तिथं नख अडलं तर पायरी पडलीय. झीज तिथंच सगळ्यात जास्त, कारण दाब आणि उष्णता तिथं जास्त आणि ऑइल कमी. अशा लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर वरची रिंग त्या पायरीवर आपटून तुटू शकते. नवी रिंग बोअरमध्ये घालून पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकलायचं आणि तोंडाच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचा. बोअरच्या दर इंचाला साधारण ३ ते ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा अंदाज चालतो, पुस्तकातला आकडा असेल तर तोच धरावा. फट फार कमी राहिली तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि लायनर ओरबाडला जातो.

लायनर ड्राय की वेट यावर पुढचं सगळं ठरतं. ३.१५२ चा ड्राय, म्हणजे ब्लॉकच्या बोअरमध्ये दाबून बसवलेला, पाण्याशी संबंध नाही, नवा सेमी-फिनिश आला तर प्रेसवर बसवून मग बोअर आणि होनिंग (आतून बारीक तिरक्या रेषा पाडत घासणं) करावं लागतं. वेट लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं, खाली रबरी रिंगा असतात, आणि त्याची कड ब्लॉकच्या वर किती थाऊ राहते ते मोजल्याशिवाय हेड बसवू नये. कड खाली गेली की हेड गॅस्केट टिकत नाही, मग कितीही आवळा.

क्रँक मायक्रोमीटरवर उभी आणि आडवी दोन्हीकडून मोजतात, लंबगोल झाली असेल तर ग्राइंड करून दहा, वीस, तीस थाऊ खालच्या साइजची बेअरिंगं घालतात. ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट आठवणीनं सांगायची, जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोपऱ्यातली गोलाई ठेव. तिथं काटकोन निघाला तर क्रँक त्याच जागी तडकते, लगेच नाही, सहा महिन्यांनी. कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकमेकांत बदलायच्या नाहीत, नंबर पुसट असतील तर खोलायच्या आधी खुणा करून घ्यायच्या. ट्रकांमुळे तुर्भे, कळंबोली, भिवंडीकडे क्रँकचं काम करणारे सापडतात.

या भागातली खास तक्रार जाम झालेल्या इंजिनाची. भट्टीचा हंगाम संपला की ट्रॅक्टर उघड्यावर उभा राहतो, सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे, त्यावर उलटा घातलेला ऑइलचा डबा पहिल्याच वादळात उडतो आणि मग चार महिने पाणी एखाद्या उघड्या वॉल्व्हमधून थेट पिस्टनवर. खाडीजवळ गंज जास्त लवकर धरतो. अशा वेळी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणं हा रूढ उपाय आहे आणि त्यानेच रॉड वाकतात. नोझल (डिझेल फवारणारा भाग) काढून डिझेल ओतून काही दिवस मुरू द्यायचं, फ्लायव्हीलच्या दात्यांवर पट्टी लावून दोन्ही दिशांना थोडंथोडं हलवायचं. तरीही नाही हललं तर हेड उतरवून लाकडी ठोकळ्यावरून पिस्टनला ठोके.

हेड, वॉल्व्ह लॅपिंग (वॉल्व्ह बैठकीवर घासून बसवणं), डिझेल पंप, नोझल ही कामं सगळीकडे सारखीच होतात. पंपाचं काम मात्र बाहेर टेस्ट बेंचवरच करून घेतात.

बांधल्यानंतर इंजिन ‘मोकळं’ कसं करायचं यावर दोन मतं आहेत. जुन्या मिस्त्र्यांच्या मते पहिले दोन दिवस रिकामं, हळू गॅसवर चालू ठेवायचं. दुसरं मत असं की पाणी गरम झालं की लगेच बेताचा लोड द्यावा, कारण रिंगा लायनरला घासून बसतात त्या सिलिंडरमधल्या जळत्या वायूच्या दाबाने, आणि रिकाम्या चालण्याने होनिंगच्या रेषांवर चकाकी येऊन रिंगा बसतच नाहीत. नव्या बांधलेल्या इंजिनाचा निळा धूर बंद होत नाही त्यातली काही प्रकरणं या चकाकीचीच निघतात, त्यामुळे दुसरं मत जवळचं वाटतं. सरळ चिखलणीला जुंपावं असा त्याचा अर्थ मात्र नाही. साधारण ५० तासांनी ऑइल बदलतात, हेड पुन्हा टॉर्कने आवळतात, टॅपेट (वॉल्व्हची फट) परत लावतात.

ब्लॉकच बदलला तर आरसीवरच्या इंजिन नंबरचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली तो बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो, आणि भंगारातला ब्लॉक घेताना त्याचे कागद आधी मागून घ्यावेत.