चार वर्षांचा करार, म्हणजे चार वर्षांनी सुटका?

अमेरिकी सैन्यात चार वर्षांसाठी सही केली की पाचव्या वर्षी कोणी अडवू शकत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. कागदावर चार हा आकडा असतोच, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तो आकडा फक्त सक्रिय सेवेचा.

भरतीचा करार म्हणजे ‘डीडी फॉर्म ४’. पहिल्यांदा भरती होणाऱ्याची एकूण बांधिलकी त्यात ८ वर्षांची आहे. उरलेली वर्षं राखीव दलात जातात. तिथे रोजची कवायत नसली, तरी परत बोलावणं येऊ शकतं. युद्ध झालं तर ते संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत सैनिकाची सेवा चालू राहते, हेही त्यातच छापलेलं आहे. शिवाय राखीव सैनिकांना सक्तीने सेवेत बोलावलेलं असताना राष्ट्राध्यक्ष सेवामुक्तीचे नियम स्थगित करू शकतात. त्यासाठी युद्ध जाहीर व्हावं लागत नाही. याला ‘स्टॉप-लॉस’ म्हणतात. इराक युद्धाच्या काळात हजारो सैनिकांची सेवा अशीच लांबली.

पडताळायचं असेल तर कोरा फॉर्म इंटरनेटवर मिळतो. कलम ८, ९ आणि १० सावकाश वाचा, विशेषतः ८. लेखी नसलेलं कुठलंही आश्वासन पाळलं जाणार नाही, असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलं आहे.