हिपॅटायटिस सी : प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या संसर्गाची कारणे

हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा विषाणूजन्य यकृतदाह आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ (ए आणि ई) वेगळी. 'सी'चा संसर्ग झालेल्या बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत. जाणवतो तो थकवा, आणि तान्हे मूल सांभाळणाऱ्या बाईच्या थकव्याला घरात कोणी आजार म्हणत नाही. त्यामुळे संसर्ग वर्षानुवर्षे लपून राहतो.

या वयातील स्त्रियांचा धोका पुष्कळदा बाळंतपणाभोवतीच्या उपचारांतून येतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, सिझेरियन, गर्भपात, पिशवी साफ करणे अशा प्रसंगी रक्त चढवावे लागते, सुया आणि अवजारे वापरली जातात. हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. भारतात रक्तपेढ्यांना त्याची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधी ज्यांना रक्ताची बाटली चढवली, त्यांनी एकदा तपासून घेणे योग्य. आजचा धोका मुख्यतः नीट निर्जंतुक न केलेली अवजारे आणि पुन्हा वापरलेली सिरिंज यांचा. जत्रेत एकाच सुईने अनेकींना गोंदणे, डायलिसिस, थॅलेसिमियासाठी वारंवार रक्त घेणे हीही कारणे आहेत. अमेरिकेत चित्र निराळे आहे : तिथे तरुण स्त्रियांमधील वाढ प्रामुख्याने शिरेतून अमली पदार्थ टोचण्याशी जोडलेली आहे. लैंगिक संबंधातून संसर्ग क्वचित होतो; एचआयव्ही असल्यास शक्यता वाढते.

उपचारच संसर्गाचे कारण ठरल्याचे ठळक उदाहरण आयर्लंडचे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या गर्भाला धोका होऊ नये म्हणून आईला प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन देतात. ते मानवी प्लाझ्मापासून (रक्तातील द्रव भागापासून) बनते. १९७६ मध्ये ज्या गरोदर रुग्णाचा प्लाझ्मा वापरला गेला, तिला कावीळ झाली होती, तरीही तो वापरात राहिला. १९७७-७८ मध्ये हे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांना नकळत संसर्ग झाला आणि प्रकरण उघड व्हायला १९९४ उजाडले. मग ६२,६६७ स्त्रियांची तपासणी झाली. ७०४ जणींमध्ये संसर्गाच्या खुणा आढळल्या. दाद मागणाऱ्यांपैकी ब्रिजिड मॅकोल १९९६ मध्ये मरण पावल्या. त्यानंतर न्यायिक चौकशी झाली. पूर्व जर्मनीतही १९७८-७९ मध्ये अँटी-डीमधूनच असा उद्रेक झाला होता. आयर्लंडमधील अनेक बाधित स्त्रियांची प्रकृती मात्र सुमारे १७ वर्षांनंतरही बरी होती : तपासलेल्या ३७६ जणींपैकी सुमारे दोन टक्क्यांना सिऱ्होसिस (यकृत आकसून कडक होणे) झालेला होता.

या स्त्रियांना हा संसर्ग कोणत्याही 'धोकादायक' व्यवहारातून झाला नव्हता, उपचारातून झाला होता. म्हणून 'तुम्ही कधी अमली पदार्थाची सुई टोचून घेतली का?' अशा प्रश्नांवर भिस्त ठेवणारी तपासणी अपुरी पडते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२० पासून प्रत्येक गरोदरपणात चाचणीची शिफारस केली आहे.

विषाणू रक्तात सक्रिय असलेल्या आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात पाच-सहा. आईला एचआयव्हीही असल्यास सुमारे दुप्पट. सिझेरियनने तो टळत नाही. अंगावर पाजायला हरकत नाही. स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस थांबावे. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि भारतात २०१८ पासून विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. गरोदरपणात मात्र त्या सरसकट दिल्या जात नाहीत, म्हणून दिवस राहण्याआधी निदान झालेले बरे. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे त्याआधी केलेली प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाळाला संसर्ग झालाच, असे ठरत नाही.