रक्त पातळ करायची गोळी चालू म्हणून पालेभाजी बंद? नाही हो!

लालबागच्या आमच्या मावशींनी वॉरफरिन सुरू झाल्यापासून मेथी-पालक सोडलाय, कोणीतरी सांगितलं म्हणून. खूप वाईट वाटतं. अहो, गोळी रक्त पाण्यासारखं पातळ करत नाही, ती व्हिटॅमिन के चं काम अडवते म्हणून गुठळी सहज होत नाही, आणि पालेभाजीत तेच के भरपूर, त्यामुळे महिनाभर काहीच नाही आणि मग दादर मार्केटातून जुड्या आणून रोज पालक, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, घसरतो. बहुतेकांना तो २ ते ३ लागतो. दर आठवड्याला साधारण सारखीच भाजी खा, डोस त्यावर बसवता येतो. एपिक्साबान, रिव्हरॉक्साबान या रक्त पातळ करायच्या दुसऱ्या गोळ्यांना हे गणित लागूच नाही. सोडलेली भाजी परत सुरू करताना मात्र आधी डॉक्टरांना सांगा, आयएनआर लवकर तपासा.